प्लंबर

गिलेन म्हणाली होती, फोन रिकामा कर,
पण अगदी झाडून पुसून नको,
रिकाम्या घराचाच जास्त संशय येतो.
म्हणून ठेवलं थोडं सामान:
मटारच्या सूपची कृती,
भाचीचा दात पडलेला फोटो,
माँक्टनचं हवामान,
आईच्या गोळ्यांच्या वेळा.
बाकीचं पुसलं मॉन्ट्रियलच्या बस स्टँडवर,
दोन कॉफ्या संपेपर्यंत,
अकरा वर्षं
अंगठ्याने वर सरकवत, वर सरकवत.

एक नंबर राहिला.
ऑल्बनीचा. नाव: प्लंबर.

नाक्यावर रात्री पावणेबाराला
सगळ्यांना खाली उतरवतात.
बर्फ आडवा येत होता,
लोक पासपोर्ट दातात धरून हातमोजे काढत होते.
मला एकटीला बाजूच्या खोलीत नेलं.
खुर्ची जमिनीला स्क्रूने पक्की केलेली.
अधिकारी पोरसवदा, गळ्यावर दाढी करताना कापल्याची खूण,
छातीवर नाव ड्वायर.
काय करतेस, विचारलंच नाही.
म्हणाला, अंगठा.

माझ्या अंगाला मी वेळ लावते, दर लावते,
दाराशीच सांगते काय चालेल, काय नाही,
आणि नाही म्हटलं की बहुतेक पुरुष
निदान तोंडदेखलं तरी थांबतात.
इथे एवढ्याशा अंगठ्याला
नाही म्हणायची सोय नव्हती.
म्हणजे होती.
मग फोन त्यांच्याकडे राहतो, आणि आपण बर्फात.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
मी उघडली.

तो वाचत गेला.
सूप वाचलं. आईचा रक्तदाब वाचला.
भाचीच्या फोटोवर दोन बोटं ताणून
तिचं तोंड मोठं करून पाहिलं, का कोण जाणे.
बॅगेतल्या शाम्पूचं झाकण काढून वास घेतला,
थोडा सांडला माझ्या स्वेटरवर.

"नळ माँक्टनला गळतो
आणि प्लंबर ऑल्बनीचा?"
स्वतःच्या विनोदावर तो हसला. मीही हसले,
धंद्याची सवय.

काय सांगणार होते त्याला?
की ऐंशीच्या घरातला एक माणूस आहे,
बायको गेल्यापासून न्हाणीघरात एकटा जायला घाबरतो,
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
मी त्याचे केस धुते, नखं कापते,
मग तो दिवा मालवतो, आणि पुढचं,
तुमच्या कायद्यात बसवायचंच तर,
फार तर अर्धा तास.
माझं गुपित माझं,
विकेन नाहीतर पुरेन.
त्याचं माझ्याकडे नुसतं ठेवायला दिलेलं.

ड्वायरने नंबर लावला. स्पीकरवर.
बराच वेळ वाजला. मग खोकला. मग
झोपेतून उठलेला तो, घाबराघुबरा:
"कोरालीन? पोचलीस का गं?"

पासपोर्टवर मी सोलांज आर्सेनो.
हे दुसरं नाव माझं मीच ठेवलेलं,
बारशाला कुणी नव्हतं.
त्याने पुन्हा हाक मारली.
मग नुसतं, "कोरा?"
मी ओ दिली नाही.

ड्वायरने फोन कापला, पेन उघडलं,
विचारलं, सी ने सुरू होतं की के ने.

खोलीला खिडकी नव्हती.
बस गेली हे इंजिनावरूनच कळलं.
गेल्या दहा वर्षांत, असा एक प्रश्न होता कागदावर,
त्याखाली चौकट,
चौकटीत त्याने आधीच खूण केलेली.

पहाटे त्यांच्या गाडीने मला परत आणून सोडलं.
फोनमध्ये चार टक्के. काचेवर अंगठ्यांचे ठसे,
त्यातला माझा कुठला ते ओळखू येईना.
बाहीने पुसले. पुसताना तो उजळला:
प्लंबर. तीन मिस्ड कॉल.
मी तो पालथा धरून ठेवला, विझेपर्यंत.

आमच्या बाजूच्या काउंटरवर
एक बाई जांभई आवरत
फ्रेंचमध्ये म्हणाली, काही जाहीर करायचंय?

शाम्पू, मी म्हटलं.
अर्धी बाटली.